एकशे चौदा नंबरचा बिल्ला

लाइट गेली नव्हती, आम्हीच घालवली होती. गच्चीवरच्या पंपाची वायर जळाली होती आणि पंपवाला ती बदलायला सात वाजता वर गेला होता. जाताना त्यानं मागच्या जिन्याखालच्या लोखंडी पेटीतला मेन स्विच बंद केला आणि "वीस मिनिटांत आलो" म्हणून सांगितलं. आता पाऊण तास होत आला होता. थंडीचे दिवस. पुढच्या व्हरांड्यात एक मेणबत्ती, तिच्याभोवती मी, माझी धाकटी बहीण, काकांचा मुलगा आणि आरामखुर्चीत मोठे काका. काकू दाराशी अंधारात बसली होती.

चुलतभावाच्या फोनचं चार्जिंग संपत आलं होतं. तो उठला. "झालं असेल त्याचं. लावतो मी मेन."

"बस खाली," काका म्हणाले.

"बाबा, हाक मारून विचारतो ना त्याला."

"त्यानं ओ दिली तरी नाही. तो स्वतः खाली येईल आणि स्वतःच्या हातानं दांडा वर करील. तोवर त्या पेटीला कुणी शिवायचं नाही."

काकांचा आवाज चढला नव्हता, तरी चुलतभाऊ मुकाट्यानं बसला. काका कागदाच्या कारखान्यात हजेरीबाबू होते. फाटकाजवळच्या खोलीत बसून तीस वर्षं त्यांनी लोकांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिल्या, त्यामुळे अजूनही त्यांच्या बोलण्यात मिनिटं येतात. आम्ही त्यांची थट्टा करतो की काका घड्याळ बघत नाहीत, घड्याळच काकांना बघून चालतं. त्या रात्री थट्टा करावीशी वाटली नाही.

"एवढं काय आहे पण त्या पेटीत?" धाकटीनं विचारलं.

काकांनी मेणबत्तीची वात चिमटीनं नीट केली आणि सांगायला लागले.

*

तुमच्या वायरमन मामाची गोष्ट आहे. काकूचा भाऊ, माझा मेहुणा. त्यानं ती मला स्वतः सांगितली, इथं, या खांबाला टेकून. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. गप्प बसणारा होता. त्या दोहोंत फरक आहे असं मी पुष्कळ वर्षं समजत होतो.

तीन वर्षांमागचा जानेवारी. सोळा तारीख, गुरुवार. कारखाना बंद पडून तेव्हा अकरा वर्षं झाली होती. भोंगा नाही, धूर नाही, माणसांना सकाळी उठायचं कशासाठी हेच कळेनासं झालेलं. आणि अशात आले सिनेमावाले. कारखान्याच्या गावातल्या कामगारांवर सिनेमा काढायचा होता त्यांना. दिग्दर्शक एक बाई होत्या. पस्तिशीच्या असतील, पायात मोठे बूट, बोलायला साध्या. त्या म्हणाल्या, सिनेमात कामगार खरेच हवेत. झालं, अख्खं गाव रांगेला उभं. सत्तरीचे म्हातारे गुळगुळीत दाढी करून आले. कागदाच्या यंत्रावर उभी हयात घालवलेला एक जण होता, त्याला मेकअपवाल्यानं परत पाठवलं. म्हणाला, तुमचा चेहरा कामगाराचा वाटत नाही. हसताय काय, तो बिचारा आठ दिवस आरशात बघत होता. आणि जो नट कामगार झाला होता त्याचे हात इतके मऊ, की रोज सकाळी अर्धा तास त्यांना काजळी चोळायचे.

मेहुण्याला सिनेमाची हौस नव्हती. त्याला बोलावलं ते खऱ्या कामाला. जुन्या इमारतीत मोठमोठे दिवे लावायचे, तर जुन्या वायरी कुठून कुठं गेल्यात हे त्याच्याशिवाय सांगणार कोण? दुपारी साडेचारला तो इथूनच निघाला. खिशात टेस्टर, बॅटरी आणि त्याचा तो जुना पाना. पाना त्याच्या खिशात कायमचाच. काकूला म्हणाला, आठला जेवायला येतो, कांदा जरा जास्त घाल. इतकं साधं जाणं होतं ते.

आता दोन गोष्टी सांगतो, त्या ध्यानात ठेवा, नाहीतर मध्येच विचारत बसाल.

पहिली गोष्ट, बिल्ला. प्रत्येक कामगाराला एक पितळी बिल्ला होता. गोल, वर नंबर ठोकलेला, कडेला एक भोक. माझ्या खोलीबाहेर मोठा फळा आणि फळ्यावर तीनशे खिळे. आत जाताना आपला बिल्ला खिळ्यावरनं काढून खिशात टाकायचा, सुटल्यावर परत अडकवायचा. फळ्याकडे एक नजर टाकली की कोण आत आहे ते मला कळायचं.

दुसरी गोष्ट, टाकी. रद्दी कागद भिजवून त्याचा लगदा करायची टाकी. विहिरीएवढी, लोखंडी, तळाशी फिरती पाती. पाळी सुटायच्या आधी एक माणूस शिडीनं आत उतरून ती धुवायचा. उतरण्याआधी तो स्विचच्या दांड्याला आपला बिल्ला तारेनं अडकवायचा. बिल्ला दांड्यावर आहे तोवर दांड्याला कुणी हात लावायचा नाही. मॅनेजरनं सांगितलं तरी नाही, देव खाली उतरला तरी नाही. आत गेलेला माणूस बाहेर येणार आणि तोच काढणार. कारखान्यात पोरगं कामाला लागलं की पहिल्या दिवशी त्याला हेच शिकवायचे, ज्याचा बिल्ला त्याचाच हात. आणि वर आणखी खात्री म्हणून, दांडा ओढून पाती चालू करण्याआधी वायरमननं टाकीवर पान्यानं तीन ठोके द्यायचे. आत कुणी असलाच तर तो आतून तीन ठोके देणार.

एवढं असूनही त्या टाकीत आमचा एक माणूस गेला होता.

सिनेमाच्या आधी एकोणीस वर्षं. जानेवारीच. संध्याकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं. एकशे चौदा नंबर. टाकी धुणारा, म्हणून सगळे त्याला टाकीवालाच म्हणायचे. दांडा ओढला होता तुमच्या मामानं. चौकशी झाली. कागदावर आलं ते असं, की टाकीवाल्यानं त्या दिवशी फळ्यावरनं बिल्ला घेतलाच नव्हता, तसाच आत गेला, तसाच टाकीत उतरला. दांड्यावर बिल्ला दिसला नाही म्हणून वायरमननं दांडा ओढला. चूक मेलेल्याची. कागद बंद.

कागद बंद झाला, पण माणसांची तोंडं कोण बंद करणार? त्याची बायको चार लोकांत गेली की मागनं कुणीतरी म्हणायचंच, नवरा हलगर्जी होता हो हिचा, आपल्या हातानं गेला. मुलगी सहा वर्षांची होती. ती हेच ऐकत मोठी झाली.

ती मुलगी आता शिवणकाम करते. सिनेमातल्या कामगारांचे निळे कपडे शिवायचं काम तिलाच मिळालं होतं. रोज चित्रीकरणाच्या जागी सुईदोरा घेऊन बसायची, कुणाचं बटण तुटलं, कुणाची बाही सैल झाली की लगेच शिवून द्यायची. मामाला ओळखायची ती. दांडा यानंच ओढला हे गावात कुणाला माहीत नव्हतं? पण तिच्या मनात राग नव्हता. चूक बापाची, वायरमन काकांचा काय दोष, असं समजून ती त्याच्याशी आदरानं बोलायची. मेहुणा मला म्हणाला, दाजी, तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी दिव्यांचं काम सहालाच संपलं. तो निघणार, एवढ्यात दिग्दर्शक बाई आल्या. आजचा प्रसंग टाकीचा होता आणि वायरमनचं काम करणारा नट तापानं पडला होता. त्या म्हणाल्या, दादा, तुम्हीच उभे राहा ना, दोन मिनिटांचं काम आहे. तो म्हणाला, काय करायचं? त्या म्हणाल्या, आमचा हीरो दांड्याला बिल्ला अडकवतो, टाकीत उतरतो. मॅनेजर येतो, घाई करतो. तुम्ही बिल्ला काढायचा आणि दांडा ओढायचा. बस.

मेहुणा पांढरा पडला. विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? बाई म्हणाल्या, कुणी नाही, मीच लिहिलं. का, असं होत नाही का?

तो नाही म्हणणार होता. पण तेवढ्यात ती मुलगी निळा सदरा घेऊन आली. म्हणाली, काका, घाला, गळ्याचं बटण सैल आहे, मी घट्ट करते. आणि त्याच्या गळ्याशी उभी राहून बटण शिवायला लागली. आता सांगा, तो नाही कसा म्हणणार? काय कारण सांगणार?

विजेचा तर प्रश्नच नव्हता. कारखान्याची जोडणी खांबावरनंच तोडलेली. दांडा म्हणजे नुसतं मेलेलं लोखंड. टाकी कोरडी ठणठणीत, पाती कधीच भंगारात गेलेली. बिल्लेसुद्धा नवे, सिनेमावाल्यांनी ओतून घेतलेले, एक ते साठ. हीरोचा सदतीस नंबर. टाकीला मागनं एक भोक पाडलं होतं, हीरोनं शिडीनं उतरायचं आणि मागनं बाहेर पडायचं. भ्यायचं काही कारण नव्हतं.

सात वाजून पंचवीस मिनिटांनी सुरुवात केली. पहिल्या खेपेला मेहुण्याचा हात बिल्ल्यापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. बाई म्हणाल्या, छान, पण पुढं ओढा. दुसऱ्या खेपेला त्यानं डोळे मिटून बिल्ला काढला, दांडा ओढला. सगळे म्हणाले, जमलं. तेवढ्यात आवाजवाला... कानाला ते मोठे गोल लावून बसलेला असतो ना, तो. त्यानं हात वर केला. म्हणाला, टाकीत कोण आहे? आतनं काहीतरी वाजतंय.

बघितलं. कुणी नाही. आवाजवाला म्हणाला, जाऊ द्या, पत्रा थंडीनं वाजला असेल. तिसऱ्यांदा घेऊ.

मेहुण्यानं कोपऱ्यातल्या घड्याळाकडे पाहिलं. सिनेमावाल्यांनी भिंतीवर लावलेलं. सात चाळीस.

हीरोनं बिल्ला अडकवला. सदतीस. उतरला. मॅनेजर झालेला नट आला, ओरडला, कशाला थांबलायस, चालू कर. मेहुणा पुढं झाला. आणि त्याच्या हातानं त्याला न विचारता एक गोष्ट केली. खिशातनं पाना काढला. टाकीवर तीन ठोके दिले.

कुणी सांगितलं नव्हतं ते. बाईंनी लिहिलंही नव्हतं. बाकी कुणाच्या हातून ही चूक झाली नसती, पण तीस वर्षांची सवय होती आणि आयुष्यात एकदाच, एका संध्याकाळी, ती त्यानं मोडली होती.

ठोके विरले.  कॅमेरा चालू.

आणि आतनं...

एक.

दोन.

...

तीन.

बाईंना वाटलं, हीरो देतोय. त्यांना आवडलं सुद्धा. मेहुण्यालाही तसंच वाटलं. मग त्यानं मान वळवली. हीरो कॅमेऱ्याच्या मागं उभा होता. हातात चहाचा कप. कप ओठाशी नेलेला, तसाच थांबलेला.

आवाजवाल्यानं कानावरचं काढून टाकलं. मांडीवर धरून बसला. 

मेहुणा दांड्याकडे वळला. बिल्ला काढायचा, एवढंच डोक्यात. बोटं लावली.

बिल्ला गरम होता.

जानेवारीतली थंडी. पत्र्याची इमारत. पितळ. आणि गरम. खिशातनं, अंगाशी धरलेला, आत्ता काढून अडकवल्यासारखा. त्यानं उलटून पाहिला. नवा नव्हता. कडा झिजलेल्या. नंबर...

एकशे चौदा.

त्यानं हात मागं घेतला. दोन्ही हात. पाठीमागं बांधले. आणि बोलला. समोर माइक होता, चालू होता, वीसपंचवीस माणसं होती. ती मुलगी पुढंच होती, सुई हातात.

म्हणाला, बिल्ला होता. त्या दिवशी बिल्ला दांड्यावर होता. मॅनेजर म्हणाला, तो चहाला गेलाय, मी बघितलाय, काढ बिल्ला, उशीर होतोय. मी काढला. ठोके दिले नाहीत. दांडा ओढला. नंतर मॅनेजरनं माझ्या हातातनं बिल्ला घेऊन रुमालात गुंडाळला आणि म्हणाला, दांड्यावर काही नव्हतं, समजलं? मी समजलो. पोरी, तुझ्या बापाची चूक नव्हती. माझी होती.

...

  आठला जेवायला येतो म्हणाला होता, तो साडेअकराला आला. जेवला नाही. तुमच्या काकूला माहीत आहे.

दांड्यावर पुन्हा पाहिलं तेव्हा नुसती तार होती. सदतीस नंबर खाली जमिनीवर पडलेला. सिनेमा पुढं लागला गावातल्या थिएटरात. तो प्रसंग त्यात नाही. पण अगदी शेवटी पडदा काळा झाला की तीन ठोके ऐकू येतात. लोकांना वाटतं, संगीत आहे.

मुलगी दुसऱ्या दिवशी कागद बघायला गेली. कागदात काय होतं? बिल्ला फळ्यावर होता. मग लोक म्हणाले, वायरमन म्हातारपणी भ्रमिष्ट झाला, दिवे डोक्यात गेले त्याच्या. रस्त्यात पोरं त्याला बघून पत्र्यावर तीन टिचक्या मारायची. आठ महिन्यांत गेला तो. शेवटपर्यंत तो एकच वाक्य बोलायचा आणि कुणी त्याचं खरं मानत नव्हतं. कारण कागदावर... कागदावर हजेरीची सही होती.

*

काका थांबले. मेणबत्ती बोटभर उरली होती.

"हजेरीची सही म्हणजे कुणाची?" धाकटीनं विचारलं. मी तिचा हात दाबला, पण उशीर झाला होता.

 दाराशी काकूच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. चुलतभाऊ वडिलांकडे बघत होता, पण अंधारात त्याला त्यांचा चेहरा दिसत नसावा.

तेवढ्यात मागच्या जिन्यावर पावलं वाजली. पंपवाला खाली उतरत होता. आम्हाला सगळ्यांनाच हायसं वाटलं. तो शेवटच्या पायरीवरनंच बोलला.

"काका, झालं काम. पण मेनच्या दांड्याला हे काय अडकवून ठेवलंय? मी वर जाताना तर काही नव्हतं."

कुणीच उठलं नाही. मग चुलतभाऊ उठला. फोनमध्ये होतं नव्हतं तेवढ्या उजेडात तो घरातून मागं गेला आणि मी त्याच्या मागं. लोखंडी पेटी उघडी होती, दांडा खाली. दांड्याला गंजलेली तार आणि तारेत पितळेचा गोल तुकडा. कडा झिजलेल्या.

"एकशे चौदा," चुलतभावानं वाचलं.

"हात लावू नकोस," मी म्हणालो. पण त्याचं बोट तोवर लागलं होतं. त्यानं ते झटकन मागं घेतलं. ते बोट दुसऱ्या मुठीत धरलं. तेवढ्यात त्याचा फोन बंद पडला.

आम्ही भिंत चाचपत व्हरांड्यात आलो. पंपवालाही आमच्याबरोबर आला. त्याला काही माहीत नव्हतं, पण एकटा तिथं थांबायला तोही तयार नव्हता. मी काकांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू कुणीतरी येणार होतं ते आलं.

"त्यानं माझ्यासमोर बिल्ला उचलला होता," काका म्हणाले. आमच्याशी नाही, दाराकडे बघून. "बारा वाजायला चार मिनिटं होती. खिळ्यावरनं काढला, खिशात टाकला. मला म्हणाला, बाबू, आज आठला सोड हं वेळेवर, दुकान बंद व्हायच्या आत पोरीच्या फ्रॉकला बटणं घ्यायचीत. आणि रात्री मॅनेजर आला. रुमालातनं बिल्ला काढला आणि माझ्या डोळ्यांदेखत खिळ्यावर अडकवला. म्हणाला, हा दुपारपासून इथंच होता, तू त्याला हाक मारलीस, त्यानं ऐकलं नाही, असं लिही. नाहीतर तुझा मेहुणा तुरुंगात जाईल. घरी त्याच्या बहिणीला तोंड दाखवायचंय ना तुला?"

"म्हणून लिहिलंत?" काकूनं विचारलं.

"तेव्हा म्हणूनच लिहिलं."

"आणि नंतर? दादा स्वतः सगळ्यांसमोर बोलला तेव्हा? ती पोर तुमच्याकडे विचारायला आली होती तेव्हा?"

काका म्हणाले, "मी तिला म्हणालो, कागदात आहे ते आहे. तीस वर्षं माझ्या वहीत एक मिनिट इकडचं तिकडं झालं नाही असं लोक म्हणतात. मला... भीती वाटली. दुसरं काही नाही."

"माझ्या भावाला लोक वेडा म्हणाले. तुम्ही त्याच्या शेजारी बसून जेवत होतात."

काकू रडत नव्हती. ती उठली, आत गेली आणि स्वतःचा फोन घेऊन आली. तिचे कपडे त्या मुलीकडेच शिवायला जायचे, त्यामुळे नंबर होता. तिनं तो लावला आणि काकांच्या हातात दिला.

"हॅलो," काका म्हणाले. "मी हजेरीबाबू बोलतोय. हो... हो, बरा आहे. पोरी, तू मला एक विचारलं होतंस."

त्यांनी सांगितलं. वेळेसकट सांगितलं. बारा वाजायला चार मिनिटं. बटणांचंही सांगितलं.  मग मुलगी बोलली, फोन जवळ होता म्हणून आम्हालाही ऐकू आलं.

"काका, थांबा. आईला देते. तिला कमी ऐकू येतं. मोठ्यानं सांगा."

काका खुर्चीतून उठून उभे राहिले. जन्मात कधी आवाज न चढवलेला तो माणूस त्या अंधारात ओरडून सांगायला लागला. "वहिनी, त्यांनी बिल्ला घेतला होता. ... बिल्ला. त्यांनी घेतला होता. मी खोटं लिहिलं." पलीकडे ऐकू गेलं नसावं. ते पुन्हा ओरडले. शेजारच्या खिडक्या उघडल्या. समोरच्या घरातला माणूस मेणबत्ती... नाही, त्याच्याकडे लाइट होती, तो दिव्याखाली उभा राहून ऐकत होता. काका तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा त्यांचा आवाज फाटला. "त्यांची चूक नव्हती, वहिनी. माझी सही खोटी आहे. उद्या मी लिहून देतो. सगळ्यांसमोर."

मग ते ऐकत राहिले. फोनमधून एका म्हातारीचा बारीक आवाज येत होता. काय म्हणाली ते आम्हाला कळलं नाही आणि काकांनी आजवर सांगितलेलं नाही. ते फक्त "हो" म्हणाले, मग पुन्हा "हो" म्हणाले, आणि फोन काकूकडे देऊन खाली बसले. त्यांचे गाल ओले होते. ते त्यांनी पुसले नाहीत.

आठ वाजून दहा मिनिटं झाली असतील.

मागं, जिन्याखाली, खट् असा आवाज झाला.

घरातले सगळे दिवे लागले. व्हरांड्यातला, स्वयंपाकघरातला, गच्चीवरचा. पंप सुरू झाला. आम्ही एकमेकांकडे बघितलं. काका, काकू, चुलतभाऊ, धाकटी, पंपवाला, मी. सगळे व्हरांड्यात होतो. घरात सातवं कुणी नव्हतं.

सगळे मिळूनच मागं गेलो. दांडा वर होता. बिल्ला नव्हता. गंजलेली तार जमिनीवर पडली होती, पीळ नीट उलगडून सरळ केलेली. आणि दांड्यावर चार बोटांच्या जागी काहीतरी करडं, ओलं लागलं होतं. पाणी अजून ओघळत होतं. पंपवाल्यानं वाकून वास घेतला.

"भिजलेला कागद वाटतोय," तो म्हणाला.

तो लगदा रात्रभरात वाळला. सकाळी काका लिहून द्यायला निघाले तेव्हा दांड्यावर चार बोटांचा पातळ कागद चिकटलेला होता. अजून आहे. काकू तो कुणाला खरवडू देत नाही.